लेबलावरचं नाव

जुन्या तबकड्या ऐकायला जमलेल्या एका छोट्या बैठकीत तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ लागलं. पावसाळी दुपार, खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, तबकडीची ती बारीक खरखर आणि तिच्यावरून हलकेच चालत आलेला तलतचा कापरा आवाज. गाणं संपलं तरी कोणी पटकन बोललं नाही. मग अशा बैठकांच्या रिवाजाप्रमाणे एकाने तबकडी हातात घेऊन लेबल वाचलं : चित्रपट ‘नादान’, संगीत चिक चॉकलेट. आणि सगळी खोली हसली. हसण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. नावच तसं, एखाद्या गोळीच्या वेष्टनावर शोभावं असं. कोणी म्हणालं, छापणाऱ्याची चूक असेल. कोणी म्हणालं, ही चाल अनिल विश्वासांची वाटते बुवा. दुसरी तबकडी लागली आणि विषय मागे पडला. सल उरला तो एवढ्यासाठी, की हीच मंडळी दहा मिनिटांपूर्वी ‘शोला जो भडके’वर टाळ्यांनी ताल धरत होती, आणि त्या गाण्याच्या वाद्यमेळामागेही हाच माणूस होता.

अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. चिक चॉकलेट हे हॉटेलच्या पाटीवरचं नाव. त्या काळी नाचाच्या बँडमधल्या माणसाला असं जिभेवर घोळणारं नाव लागायचंच. मुंबईचा नावाजलेला सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हा घरी कावसजी खटाव होता, हे आज कोणाला आठवतं? पाटीवरच्या नावाने पोट भरत असे. पण तेच नाव सिनेमाच्या श्रेयनामावलीत गेलं की लोकांना ते गमतीचं वाटू लागतं, आणि गमतीच्या नावाच्या माणसाने एवढी हळवी चाल बांधली असेल हे मनाला पटत नाही.

गोव्याच्या गावागावांतून चर्चला जोडलेल्या संगीतशाळा असत. तिथे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी तोंडाने ‘दो रे मी’ वाचायला शिकवी. वाद्य हातात यायचं ते नंतर. कागदावरचा स्वर पाहून तो वाद्याविना गळ्यातून काढता आला पाहिजे, ही पहिली अट. हे शिक्षण कडक असायचं आणि उद्देश साधा असायचा : लादाइनीला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, गाणारे, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वाजवणारे आणि मौताला शोकधून काढणारे हात गावातच तयार व्हावेत. त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला व्हायोलिन आणि एखादं फुंकवाद्य, अशी दोन वाद्यं तरी यायची, आणि अनोळखी कागद पहिल्या नजरेत वाजवून दाखवता यायचा. मुंबईत धोबीतलावाजवळच्या कूडमध्ये, म्हणजे आपल्या गावाच्या क्लबात, ट्रंक टेकवून काम शोधणाऱ्या पोरासाठी एवढं भांडवल पुरेसं होतं. आपण आज ज्याला अष्टपैलुत्व म्हणतो ते त्याच्यासाठी भाकरीचं साधन होतं. दुपारी मूकपटाचा खड्डा, संध्याकाळी लग्न, रात्री हॉटेल. जे वाद्य कमी पडेल ते उचलायचं.

जॅझ मात्र मेस्ताच्या शाळेत नव्हता. तो आला बोटीने. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून क्रिकेट स्मिथ हा बुजुर्ग ट्रम्पेटवादक आला, आणि पियानिस्ट टेडी वेदरफर्ड आला. हा वेदरफर्ड शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात खुद्द लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवलेला. म्हणजे मुंबईतल्या गोवेकर पोरांना आर्मस्ट्राँग तबकडीवर भेटला तसाच त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांतूनही भेटला. कागद वाचण्यात ही पोरं वाकबगार होतीच. पण कागदावर लिहिता येत नाही ते त्यांना इथे ऐकून उचलावं लागलं : दोन सारख्या लांबीच्या स्वरांतला पहिला थोडा लांबवायचा, दुसरा थोडा आखडायचा, ठेक्याच्या किंचित मागे राहायचं, पण मागे पडायचं नाही, स्वर लागल्यावर त्याला आधी सरळ धरायचं आणि शेवटी कंप द्यायचा. हे शिकवता येत नाही. शेजारी बसून अंगात मुरावं लागतं.

चिक या पोरांतला सर्वांत झळाळता. त्याला ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. खर्जातला खरबरीत आवाज, हातात पांढरा रुमाल, वर उचललेला ट्रम्पेट. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बँड ताजमध्ये वाजवी, आणि स्वतःच्या नावाने त्याने जॅझच्या तबकड्याही केल्या. हे बिरुद लोकांनी प्रेमाने दिलं होतं, तरी मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही. आर्मस्ट्राँगची नक्कल करणारे जगभर शेकड्याने होते. हुबेहूब नक्कल करणारा माणूस दुसऱ्याची चाल कागदावर उतरवून तिला पंचवीस जणांत वाटून देऊ शकतोच असं नाही. चिकचं खरं काम तिथे आहे, आणि त्या कामाला बिरुद नाही.

हॉटेलातल्या बँडचं काम बाहेरून जेवढं ऐटबाज दिसतं तेवढंच आतून काटेकोर असतं. विलायतेहून किंवा अमेरिकेहून छापील संच टपालाने यायचे. एका गाण्याचे पंधरा-सोळा भाग, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. इथल्या बँडात माणसं दहा-अकरा. मग तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद वाजवायला कोणीच नाही, आणि नेमका त्याच स्वरावर त्या मेळाचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या कॉर्डचा, गंधार असायचा. गंधार गेला की मेळ पोकळ. तो खुशीचा आहे की उदास, हेच कळेनासं होतं. छापणारे हुशार असत. गैरहजर वाद्याचे महत्त्वाचे स्वर ते दुसऱ्याच्या कागदावर बारीक टाइपात छापून ठेवत. पण ते सगळीकडे पुरत नसत. अशा वेळी बँडचा म्होरक्या पेन्सिल घेऊन बसे आणि आल्टो सॅक्सोफोनचा एक स्वर खाली आणून, ट्रॉम्बोनचा एक वर नेऊन, भोक बुजवी. आणि वर नाचणाऱ्यांचा हिशेब वेगळाच. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो, रुम्बा, प्रत्येकाची चाल ठरलेली. लय किंचित चढली तरी नाचणाऱ्यांच्या पोटऱ्या तक्रार करतात. रोज रात्री तीन-चार तास हे केलेल्या माणसाला कमी माणसांत भरलेला आवाज कसा काढायचा हे हातचं झालेलं असतं. सिनेमाला नेमकं हेच हवं होतं.

आणि मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला.

हॉटेलांची रात्र ओसरली. नाच थांबला नाही, पण गल्ला आटला, आणि गल्ला आटला की पहिली कात्री बँडला लागते. गोवेकर वादक आधीपासून सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात होतेच. आता तो जोडधंदा मुख्य धंदा झाला. मराठी घरांतून वाढलेले, हार्मोनियमवर चाल बांधणारे संगीतकार आणि नोटेशनवर वाढलेले गोवेकर वादक एका खोलीत येण्याला जी अनेक कारणं झाली त्यात हा कायदाही आहे. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच घेतात.

संगीतकार सी. रामचंद्र आणि त्यांचा असिस्टंट चिक यांची जोडी या खोलीतली. रामचंद्र, म्हणजे अण्णा, पुणतांब्याचे, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, पण कान मात्र चौफेर उघडे. ‘आना मेरी जान संडे के संडे’ त्यांनी १९४७ मध्येच करून दाखवलं होतं. १९५० च्या ‘समाधी’त ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ आलं. त्याची मूळ धून एका अमेरिकी सिनेमातल्या लॅटिन गाण्याची, पण लता आणि अमीरबाईंच्या सवालजवाबाने ती पार इथली झाली. मग १९५१ चा ‘अलबेला’. त्यात ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही लोरी आहे आणि ‘शोला जो भडके’ही आहे, आणि दोन्ही एकाच हाताची आहेत. असिस्टंट म्हणून चिकचं काम या दोन टोकांच्या मधल्या सगळ्या अंतरात होतं.

हे काम नेमकं कसं चालायचं, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण इथेच त्या माणसाची किंमत कळते. सिटिंगला संगीतकार पेटीवर चाल म्हणतो. असिस्टंट ती सरगमीत किंवा सरळ पाच रेघांवर टिपून घेतो. गायिकेची पट्टी ठरते, समजा काळी एक. पेटीवाल्याला त्याचं काही नाही. एक पट्टी सोडून दुसरी. पण कागद लिहिणाऱ्याचं डोकं इथून कामाला लागतं. काळी एकच्या षड्जावर व्हायोलिनचा कागद लिहायचा तर पाच कोमल चिन्हं येतात, आणि व्हायोलिनची एकही मोकळी तार त्या सप्तकात बसत नाही. सगळे स्वर बोटांनी दाबून काढायचे, त्यामुळे आवाज थोडा मिटल्यासारखा होतो आणि नवख्यांचा सूर डळमळतो. ट्रम्पेट हे वाद्य बी-फ्लॅटचं. कागदावर जो स्वर लिहाल त्याच्या एक पूर्ण स्वर खाली ते बोलतं, म्हणून त्याचा कागद एक स्वर वर लिहायचा. तिथे चिन्हं तीनच उरतात. आल्टो सॅक्सोफोन त्याहून निराळा, त्याचा कागद नऊ अर्धस्वर वर. तिथे दोनच चिन्हं. म्हणजे जी पट्टी व्हायोलिनला अडचणीची तीच फुंकवाद्यांना सोयीची. पट्टी पांढरी एक झाली की पारडं उलटतं : व्हायोलिनच्या चारही तारा मोकळ्या बोलू लागतात आणि आल्टोच्या डोक्यावर तीन तीव्र चिन्हं बसतात. गाण्याचं पहिलं म्युझिक ट्रम्पेटला द्यायचं की व्हायोलिनच्या ताफ्याला, हा निर्णय आपण भावनेचा समजतो. त्यात पट्टीचा हा हिशेब गुपचूप बसलेला असतो.

कागद नकलायला बसलेला माणूस पेंगुळला तर काय होतं? ट्रम्पेटचा कागद न चढवता तसाच उतरवला जातो. रिहर्सलला सगळे एकत्र सुरू करतात आणि ट्रम्पेट इमानेइतबारे पूर्ण एक स्वर खाली वाजवतो. सगळ्यांच्या माना वळतात. वादकाचा त्यात काही दोष नसतो. अनुभवी वादक अशा वेळी काहीच बोलत नाही. दुसऱ्या फेरीला तो मनातल्या मनात प्रत्येक स्वर चढवून बरोबर वाजवतो आणि मध्यंतरात पेन्सिलीने कागद दुरुस्त करतो. स्टुडिओ तासावर भाड्याने घेतलेला असतो. असे दहा मिनिटं वाचवणारे वादक जपले जात.

मग रेकॉर्डिंग. गायक-गायिका आणि सगळा वाद्यमेळ एकाच वेळी, एकाच दमात. मागाहून काही जोडायची, पुसायची सोय नाही. माइक मोजके, म्हणून आवाजाचं संतुलन बसवायचं ते पावलांनी : बासरी पुढे, सतार पुढे, व्हायोलिनं अर्धवर्तुळात, आणि ट्रम्पेट मागच्या भिंतीशी, भोंगा जरा तिरका धरून. तरीही जोराच्या जागी ट्रम्पेटचा आवाज फाटून उतरू शकतो, आणि फाटलेला आवाज म्हणजे नवा टेक. पंखे बंद, कारण त्यांची घरघर माइक पकडतो. अर्ध्या तासात खोली तापते. उकाड्यात आणि दमटपणात तंतुवाद्यांच्या तारा उतरतात, पितळी वाद्य मात्र चढतं, कारण नळीतली हवा गरम झाली की स्वर वर सरकतो. पेटी जिथल्या तिथे. तीन वाद्यं तीन दिशांना निघालेली. ट्रम्पेटवाला मग पुढची स्लाइड ओढतो. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली असते, म्हणून एक सेंटीमीटर ओढली की नळी दोन सेंटीमीटरने लांबते. सुमारे दीड मीटरच्या नळीत एवढ्याने स्वर जवळजवळ पाव अर्धस्वर उतरतो. त्याच वेळी भोंग्यात सरळ म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा शंकू, बसवायची असेल तर आणखी जपायचं, कारण ती बसली की स्वर पुन्हा थोडा चढतो. म्यूटला बाजूने बुचाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या झिजल्या की ऐन टेकमध्ये म्यूट निसटून फरशीवर पडते, आणि तो आवाज सगळ्या टेकचा घात करतो. म्हणून वादक ती बसवताना भोंग्यात गरम श्वास सोडतात, जरा ओल धरली की बूच घट्ट बसतं.

आणि ओठ! व्हायोलिनवाल्याचा हात दुखला तरी आवाज निघतो. ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकले की वरचे स्वर लागतच नाहीत, नुसती हवा जाते. पंधरावा टेक चालू आहे, गायिकेचा एक शब्द राहिला म्हणून किंवा ढोलकवाल्याची थाप चुकली म्हणून, आणि या माणसाला पुन्हा पहिल्या टेकइतकंच ताजं, हसऱ्या आवाजात वर चढायचं आहे. ‘शोला जो भडके’सारख्या गाण्यात जी धमाल ऐकू येते, तिच्यामागे हा दम राखून ठेवलेला असतो. मधल्या फेऱ्यांत वादक एक सप्तक खाली वाजवतात, ओठ वाचवतात. संगीतकाराला ते कळतं आणि तो काही म्हणत नाही.

एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळत आली आहे. मुंबईच्या गाण्यांत जॅझचं वारं एवढं शिरलं, पण त्यात खराखुरा स्विंग कमी आणि रुम्बा-सांबाचा लॅटिन डौल जास्त. का? माझं उत्तर ढोलकापाशी येऊन थांबतं. केरवा हा ताल आठ सरळ मात्रांचा. रुम्ब्याच्याही आठ मात्रा सरळ, फक्त जोर वेगळ्या ठिकाणी. बोंगो आणि ढोलक शेजारी बसले तर दोघांचे ठोके एकमेकांत चपखल बसतात. स्विंगमध्ये मात्र प्रत्येक मात्रेचे आतून तीन भाग पडतात, दोन भाग धरायचे आणि एक सोडायचा. ड्रमवाला तसं वाजवतो, ढोलकवाला सरळ वाजवतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत गाणं लंगडू लागतं. दोघांपैकी चूक कोणाचीच नसते. ज्याने ताजमध्ये दोन्ही वाजवलं आहे त्याला ही फट पहिल्या दोन आवर्तनांत ऐकू येते, आणि तो शहाणपणाने लॅटिनकडे वळतो. ‘शोला’मधला बोंगो सजावटीसाठी आणलेला नाही. तो दोन घराण्यांमधला दुभाषी आहे.

स्वरांचंही असंच. पिलू राग गाणारा दोन्ही गंधार सहज घेतो. एकदा कोमल, लगेच पुढे शुद्ध, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्या दोहोंमध्ये हेलकावतो. ब्लूज वाजवणाराही शुद्ध गंधाराच्या मेळावर कोमलाकडे झुकलेला गंधार घासतो. दोन्हींचा उगम वेगळा, कायदा वेगळा, ते एक आहेत असं म्हणणं भाबडेपणा होईल. पण ट्रम्पेटचा व्हॉल्व्ह अर्धाच दाबून एका गंधारावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या माणसाला पिलूतली लोरी परकी वाटण्याचं कारण नव्हतं. अवघड असतं ते चालीखाली मेळ लिहिणं. चाल कोमल गंधारावर थांबली आणि खाली पियानोने शुद्ध गंधाराचा मेळ दाबला तर ब्लूजमध्ये ती लज्जत असते, लोरीत तो दाताखाली आलेला खडा. चांगला असिस्टंट अशा जागी मेळातून गंधारच काढून टाकतो. षड्ज-पंचम ठेवतो, आणि चालीला मोकळं चालू देतो. काय लिहिलं नाही, हीसुद्धा लिहिणाऱ्याची कला. ती ऐकणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही.

या खोलीत चिक एकटा नव्हता. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवी, सिनेमात असिस्टंट म्हणून राबला, आणि पुढे १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ व १९६६ मध्ये ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढून मोकळा झाला. रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये शंभराहून अधिक वादक जमवून लता आणि मन्ना डे यांना सिम्फनीसोबत उभं केलं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यात गुरूचं नाव घराघरांत नेलं, आणि लोकांना वाटलं ते नाव गीतकाराने सहज रचलेलं आहे. जॉन गोम्स हा अण्णांचा आणखी एक गोवेकर साथीदार. ‘ईना मीना डीका’मधलं ‘माका नाका’ त्याचं म्हणतात. ‘मला नको’ अशी साधी कोकणी. सगळा देश ते अर्थहीन गंमत म्हणून गातो, आणि गोव्याच्या किंवा मालवणच्या माणसाला मात्र त्यात कोणीतरी घरातून बोलल्यासारखं वाटतं.

आता ‘नादान’कडे. अलबेलाचंच साल, १९५१. देव आनंद आणि मधुबाला, आणि संगीतकार म्हणून पडद्यावर एकट्या चिकचं नाव. इथे त्याला पहिल्यांदा स्वतःची चाल स्वतःच बांधायची होती. ताजच्या फलाटावर दिवे अंगावर घेणारा माणूस अशी संधी मिळताच काय करेल? कोणीही म्हणेल, ट्रम्पेटचा धडाका. त्याने तलतसाठी एक संथ, हळू बोलणारी चाल केली. तलतच्या गळ्यातला कंप ही त्याची दौलत होती, आणि मागे गर्दी झाली की ती दौलत ऐकू येत नाही, हे ओळखून सगळं आवाजाभोवती राखलेलं आहे. ओळ संपते, श्वासाला जागा मिळते, मग पुढची ओळ. फुंकवाद्य वाजवणाऱ्याला श्वासाची जागा कुठे लागते हे कळत असणारच. त्याचं आयुष्य त्यावर चालतं. मला या चालीतला सगळ्यात जॅझचा भाग तोच वाटतो : गाणाऱ्याला दिलेला मोकळा श्वास. ती अनिल विश्वासांची वाटली यात नवल नाही, आणि त्या बैठकीतल्या गृहस्थांनी नकळत मोठी दाद दिली होती.

स्वतंत्र संगीतकार म्हणून मात्र त्याचं पुढे फारसं जमलं नाही. वाद्यमेळ रचता येणं आणि निर्मात्याच्या दिवाणखान्यात बसून काम मिळवणं, ही दोन वेगळी कसबं. तो पुन्हा असिस्टंटच्या खुर्चीत आणि ट्रम्पेटच्या जागी परतला, मदनमोहन यांच्याकडेही त्याने काम केलं. ही पीछेहाट होती असं मला वाटत नाही. पण त्याने आणखी दोन-चार चाली बांधल्या असत्या तर, ही हुरहुर प्रत्येक वेळी ते गाणं ऐकताना लागते आणि तिला काही इलाज नाही.

त्याला बघायचं असेल तर पडद्यावर दोनदा बघता येतं. एकदा ‘अलबेला’तल्या ‘दीवाना ये परवाना’मध्ये, झालरींचे लॅटिन सदरे घातलेल्या आपल्या बँडसह. आणि दुसऱ्यांदा १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये, ‘रुत जवाँ जवाँ’ या खय्यामच्या गाण्यात. क्लबचा प्रसंग, तरुण भूपिंदर स्वतः गातोय, आणि ट्रम्पेटवर चिक. ही दोन गाणी लागोपाठ लावून बघावीत. मधे पंधरा वर्षं आहेत. पहिल्यात सगळं उसळतं. दुसऱ्यात रात्र उतरणीला लागलेली आहे, गाणं जवळजवळ कुजबुजतं, आणि ट्रम्पेटला दोन ओळींच्या मधली जागा मिळाली आहे. ती तो अजिबात घाई न करता भरतो. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये तो गेला. वय पन्नाशीच्या जरासं पुढे.

त्याच्या हातचे कागद कुठे असतील? रेकॉर्डिंग संपलं की वादक आपला भाग स्टँडवर ठेवून निघत. कोणीतरी ते गोळा करी, सुतळीने बांधी, आणि पुढे पावसाळे, वाळवी, रद्दी. ज्या पानांवर ट्रम्पेट एक स्वर वर आणि आल्टो नऊ अर्धस्वर वर असा रात्रभर मांडला, ती पानं गेली. राहिली ती तबकडीवरची तीन-सव्वातीन मिनिटं, आणि मधोमध छापलेलं एक नाव.

त्या दिवशी बैठक मोडताना पाऊस थांबला होता. यजमान तबकड्या पाकिटांत घालत होते. ‘नादान’ची हातात आली तेव्हा ते थबकले, खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, त्याचं खरं नाव काय होतं म्हणालात? सांगितल्यावर त्यांनी पाकिटाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं : अंतोनियो झेवियर वाझ. मग गावाचं नाव. अल्दोना लिहू की हळदोणे, त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता दोन्ही लिहिली, एकाखाली एक.